सुभद्राआत्याचा तेरावा

रेणापूर, ८ नोव्हेंबर २०२५

चि. समर्थ यास,

आशीर्वाद देऊ की नको ते आधी कळव, कारण मी गुरुवारी पहाटे वारले असं मला काल समजलं.

काल सकाळी गिरणीत ज्वारी दळत बसले होते. पट्ट्याच्या आवाजानं माझे कान कधीच गेलेत, त्यामुळं कोण आलं ते सावलीवरून कळतं. सावली पडली म्हणून मान वर केली तर दारात आळीतल्या चार बायका, डोळ्याला पदर, हातात पिठलं-भाकरीची टोपली. मला बघितल्यावर एकीनं टोपली टाकली, एक पार रस्त्यापर्यंत पळाली, आणि उरलेल्या दोघी माझे पाय उलटे आहेत का ते बघायला लागल्या. सुलटे निघाल्यावर रडायचं सोडून भांडायलाच उठल्या. सकाळपासून चुलीपुढं बसून पिठलं केलं म्हणे. मी म्हटलं, आणलंयच तर ठेवा. भाकरी चांगली होती.

बातमी रोहिदासकडून आली. तो तुझ्याच चाकणच्या कंपनीत पत्र्याच्या प्रेसवर आहे, त्याची आई आमच्या मागच्या गल्लीत राहते. त्यानं तिला फोनवर सांगितलं की सुभद्राकाकू गेल्या, कंपनीत सगळ्यांनी उभं राहून शांतता पाळली. तिनं तेवढ्यात गाव फिरून घेतलं.

फोनवर मला निम्मंच ऐकू येतं, म्हणून नेहमीसारखं लिहून धाडते. विजयश्री तिच्या झेरॉक्सच्या दुकानातून ह्या कागदाचा फोटो तुला पाठवील. तू टाइप करून पाठव, ती छापून देईल. 'मी वाचत नाही' म्हणते ती. तोंडावरून तसं वाटत नाही.

काय प्रकार आहे हा?

तुझी
कै. सुभद्राआत्या

*

भोसरी, ८ नोव्हेंबर

ती. आत्या,

पाया पडतो. मोठ्यांना आशीर्वाद देत नाहीत, तरी दीर्घायुषी हो.

मोठा घोटाळा झालाय. गुरुवारी मी आमच्या साहेबांना फोन केला की आत्याची तब्येत बरी नाही, रजा पाहिजे. ते उभे होते शॉपफ्लोअरवर. तिथे प्रेस असा आदळत असतो की शेजारच्या माणसाचं नाव विचारलं तरी वेळ सांगतो. त्यांनी 'बरी नाही'चं 'वारली' ऐकलं. मी दुरुस्त करेपर्यंत त्यांनी फोन ठेवून सगळ्यांना उभं केलं होतं.

आमचे दौलतराव साहेब चाकणच्या जुन्या घरातले, माळकरी, फार हळवा माणूस. आता एकदम सांगितलं तर त्यांच्या मनाला लागेल. एक-दोन दिवसांत बेताबेताने सांगतो. तू काळजी करू नकोस आणि कोणाला काही बोलू नकोस.

तुझी तब्येत कशी आहे?

तुझा समर्थ

*

रेणापूर, ९ नोव्हेंबर

समर्थ,

बहिरी मी आहे. तुझे साहेब नाहीत.

रोहिदासच्या आईला समोर बसवून सगळं विचारून घेतलं, आणि मी जिवंत आहे ते रोहिदासला इतक्यात कळवायचं नाही अशी शपथ घातली. तू म्हणे सांगितलंस की मला छातीत कळ आली, लातूरच्या दवाखान्यात नेलं, तुझा हात हातात घेऊन मी 'पोरा, तब्येत जप' म्हणाले आणि गेले. मी मरताना असलं गुळगुळीत बोलेन का? आणि वर अग्नीही तूच दिलास. तब्येत बरी नसलेल्या बाईला अग्नी देतात का चाकणला?

इथली गंमत ऐक. माझ्या मालकांचा पुतण्या सोनबा बातमी ऐकून शेतातून धावत आला. दारातच छाती बडवून रडला. खरं रडला हो, नाक लाल झालं होतं. मी घरात मागच्या बाजूला होते, त्याला दिसले नाही. रडून झाल्यावर त्यानं शेजारणीला विचारलं, 'काकू गिरणीची किल्ली कुठं ठेवायची?' मी मागून येऊन म्हटलं, 'कमरेला.' ओट्यावरून खालीच पडला. पायाला पट्टी बांधून घरी बसलाय, आणि बायको मला शिव्या द्यायलीय.

माझ्यापुढं आता खोटं चालणार नाही. कशासाठी मारलंस ते खरं सांग. पोरीबिरीचं प्रकरण असेल तर आनंदच आहे.

सुभद्रा

*

भोसरी, १० नोव्हेंबर

ती. आत्या,

पोरीचं प्रकरण नाही. असतं तर बरं झालं असतं, सांगायला इतकी लाज वाटली नसती.

एक गेम आलाय. थॉर्नमूर नावाचा, चौथा भाग, गुरुवारी आला. कॉम्प्युटरवर खेळतात. रोल-प्लेइंग म्हणतात त्याला. म्हणजे आपण एक माणूस व्हायचं, एका मोठ्या राज्यात फिरायचं, लोकांशी बोलायचं, लढायचं, आणि आपण जसं वागू तशी गोष्ट बदलत जाते. मला तीन दिवस हवे होते. गेम खेळायचाय म्हणून कंपनी रजा देत नाही. ताप आलाय म्हटलं तर डॉक्टरची चिठ्ठी मागतात. माणूस गेला म्हटलं की चिठ्ठी मागत नाहीत.

मी नुसतं 'आत्या गेली' एवढंच म्हणणार होतो. पण दौलतराव साहेब फोनवर गहिवरले. म्हणाले, 'आरं पोरा, आत्या म्हंजी आईच की. अग्नी कुनी दिला?' माझ्या तोंडून निघून गेलं, मीच, साहेब, तिला मूलबाळ नाही. तर म्हणाले, 'मंग तेराव्यापत्तुर हिकडं फिरकायचं न्हाई. आमी हाय की.' मागितले तीन, मिळाले तेरा. त्या क्षणाला मला वाटलं लॉटरी लागली.

आता पुढचं सांगतो, हस. गेम अत्यंत भिकार आहे.

मी नऊ वर्षं वाट बघितली, आत्या. तिसरा भाग आला तेव्हा मी आयटीआय करून नुकताच भोसरीत आलो होतो. पांजरपोळजवळ एका खोलीत सहा जण, मी सोडून सगळे नाइट शिफ्टला. कोणी ओळखीचं नाही. कंपनीत माझं नाव 'ए ट्रेनी'. तेव्हा खोलीतल्या एकाच्या जुन्या कॉम्प्युटरवर तो गेम खेळलो. त्यात ब्रॅम नावाचा एक दरोडेखोर होता. त्याला मी न मारता सोडून दिलं, आणि विसरून गेलो. पुढे कितीतरी दिवसांनी मी एका पुलावर वेढला गेलो तेव्हा तो माणसं घेऊन आला आणि मला वाचवलं. मी काहीतरी केलं होतं आणि ते कोणाच्या तरी लक्षात राहिलं होतं. भोसरीत त्या वर्षी असं दुसरं काही झालं नाही.

चौथ्या भागाच्या जाहिरातीत होतं की तुमचा प्रत्येक निर्णय जग बदलेल. काय बदलतंय, डोंबल! पहिल्याच गावावर हल्ला होतो. मी जिवाच्या आकांताने गाव वाचवलं. सकाळी बघतो तर गाव जळालेलं. म्हटलं माझंच चुकलं असेल. परत सुरू केलं, मुद्दाम गाव सोडून पळालो. सकाळी गाव जळालेलं, तीच राख, तीच कोपऱ्यातली बादली. कोणी काही विचारलं की उत्तरं तीन येतात: 'हो', 'नक्की', आणि 'हो, पण मला राग आलाय'. नाही म्हणायची सोयच नाही. मी राज्याचा तारणहार आहे आणि सकाळपासून एका म्हातारीच्या शेळ्या शोधतोय. काल ड्रॅगन आला, ज्याच्यासाठी माणूस हे गेम घेतो. तो उतरतानाच किल्ल्याच्या भिंतीत अडकला. नुसतं शेपूट बाहेर. मी चिवडा खात खात शेपटीवर तलवार मारत बसलो, आणि तो मेला. वाजंत्री वाजली.

आणि आता मी अडकलोय. बाहेर पडलो तर कंपनीतलं कोणीतरी भेटेल, निम्मी कंपनी भोसरीतच राहते. म्हणून दार लावून बसलोय, खालच्या वर्कशॉपात लेथ घरघरतेय, आणि मी सुतकात हा गेम खेळतोय. ब्रॅम पुढे भेटतो म्हणतात, एवढ्याच आशेवर.

चुकलो. पाया पडतो.

समर्थ

*

रेणापूर, ११ नोव्हेंबर

समर्थ,

शेळ्यांचं वाचून हसले. विजयश्री माझ्याआधीच हसत होती.

एक विचारायचंय. तुला दोन मामा आहेत. धाकटा तर तीनदा दवाखान्यातून परत आलाय, त्याच्यावर कोणी शंका घेतली नसती. मावशी आहे. तुझ्या बापाचे मित्र आहेत. मग मीच कामून?

सुभद्रा

*

भोसरी, १२ नोव्हेंबर

ती. आत्या,

खरं लिहायला सांगितलंस म्हणून खरं लिहितो.

मामा म्हणालो असतो तर मामेभावांनी दुसऱ्या दिवशी कसला तरी फोटो टाकला असता आणि मी पकडलो गेलो असतो. मावशीची सून पिंपरीत नोकरीला आहे. बाबांचं तर तोंडातून निघालं नसतं. तुझं तसं नव्हतं. तुझ्यामागे चौकशी करायला कोणी नाही. तुझी मुलं नाहीत, तू फोनवर नसतेस, गाव लांब आहे. तू सगळ्यात सोपी होतीस.

विचार करून ठरवलं असंही नाही. फोन लावता लावता तुझंच नाव पहिलं आलं. ते जास्त वाईट आहे, मला कळतंय.

समर्थ

*

रेणापूर, १३ नोव्हेंबर

कागद देताना विजयश्रीनं माझ्याकडं बघितलं नाही, तेव्हाच काय लिहिलं असशील ते कळलं.

रविवारी सकाळच्या एसटीनं निघते. संध्याकाळी नाशिक फाट्याला न्यायला ये. तोंडाला फडकं बांधून ये, कोणी ओळखायला नको.

मी कशासाठी मेले ते मला बघायचंय.

सुभद्रा

*

भोसरी, १९ नोव्हेंबर

ती. आत्या,

तू असं का केलंस?

काल मी टक्कल करून परत आलो तेव्हा तू पिशवी भरून तयार. म्हटलं थांब की दोन दिवस, तर म्हणालीस गिरणी बघायला घरात दुसरं कोणी नाही, कुलूप घालून आलेय. मी विचारलं, कोणी आलं होतं का? म्हणालीस, 'कोण येणार?' मोरीत दोन कप पालथे घातलेले मी बघितले होते, आत्या. मला वाटलं दोनदा चहा प्यालीस.

आज कामावर गेलो. बसमध्ये सगळे हळू आवाजात बोलत होते. एकाने खिडकीची जागा दिली. मोशीपासून तळेगाव चौकापर्यंत नेहमीसारखं ट्रॅफिक, आणि त्या सबंध वेळात कोणी मला एक शिवी दिली नाही. इतकं अवघडल्यासारखं मला कधी झालं नव्हतं.

गेल्या गेल्या दौलतराव साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. दार लावलं. माझ्या डोक्याकडे बघितलं.

'तेरावा नीट पार पडला न्हवं?'

म्हटलं, 'हो साहेब. तुमच्या आशीर्वादाने.'

'मानसं किती व्हती?'

मला थांबता आलं असतं. आता वाटतं तिथेच थांबायला हवं होतं. पण एकदा गाडी उताराला लागली ना, आत्या. म्हटलं, 'दोनशे पान उठलं, साहेब. अख्खं गाव लोटलं.'

'जेवायला काय केलं व्हतं?'

'जिलेबी. मठ्ठा. तिला आवडायची म्हणून वांग्याची भाजी.'

'कावळा शिवला का दहाव्याला?'

'लगेच, साहेब. तिची कसली इच्छा मागे राहिली नव्हती.'

साहेब मान हलवत ऐकत होते, मधेमधे 'आरारा' म्हणत होते. सगळं झाल्यावर चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, 'मी काल तुज्या खोलीवं गेलो व्हतो. आत्याबाईंनी च्या केला. आलं जरा जास्त पडलं व्हतं, पन च्या झाक व्हता.'

मी खुर्चीत बसलेलो नव्हतो, नाहीतर पडलो असतो, तुझ्या सोनबासारखा.

ते ओरडले नाहीत. नुसते म्हणाले, 'शनवारी जेवायच्या सुट्टीत समद्यांम्होरं तूच सांगायचं. मी सांगितलं तर तुजी नोकरी जाईल, कारन मला कागद करावा लागंल. आन रजा समदी बिनपगारी.' मग टेबलावरची फाइल ओढली आणि माझ्याकडे बघायचं बंद केलं. ते बघणं बंद झालं तेच मला सगळ्यात लागलं.

तू मला सांगितलं असतंस तर मी जिलेबीपर्यंत गेलो नसतो.

समर्थ

*

रेणापूर, २१ नोव्हेंबर

चि. समर्थ,

आता माझं ऐक.

तू न्हाव्याकडं गेलास आणि थोड्या वेळानं दारावर थाप पडली असावी. मला ऐकू आली नाही. मी कपडे वाळत घालायला दार उघडलं तर समोर एक गंधवाला माणूस, पायरीवर चपला काढून उभा, हातात मोठी तसबीर. तसबिरीला चंदनाचा हार. आत माझा फोटो. रोहिदासनं तुझ्याकडून मागून घेतला होता म्हणे, मग सगळ्यांनी मिळून मोठा करून आणला.

त्यानं फोटोकडं बघितलं. माझ्याकडं बघितलं. परत फोटोकडं.

मी म्हटलं, 'चांगला आलाय. या आत.'

आता मी काय सांगायला पाहिजे होतं? मी तिची बहीण म्हणून? मनात आलं होतं, खोटं बोलत नाही. पण तो माणूस तसबीर घेऊन चाकणवरून आला होता. मी त्याला बसवलं, चहा ठेवला आणि म्हटलं, 'मीच ती. पोरगं खोटं बोललं.' त्यानं तसबीर पालथी घालून ठेवली. मग म्हणाला, 'मी देवापुढं तुमच्या नावानं दिवा लावला हो बाई.' मी म्हटलं, 'मग त्याचं पुण्य मला जिवंतपणीच लागलं, बरंच झालं.' तेव्हा कुठं हसला.

नोकरीवरून काढतो म्हणत होता. मी म्हटलं, उद्या तो कामावर येईल तेव्हा तुम्ही काही बोलू नका. नुसतं विचारा. तो स्वतःहून खरं सांगेल. साहेब म्हणाले, न्हाई सांगायचा. मी म्हटलं, माझा भाचा आहे, मला माहीत आहे, सांगेल. पैज लावली. मी हरले तर एक डबा शेंगदाण्याची चटणी, ते हरले तर आंबेमोहोर.

काल चटणी कुटली. रोहिदासच्या आईनं रात्रीच्याच गाडीनं धाडलीय.

म्हणून तुला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तू भीतीनं खरं बोलला असतास, त्याचं मला काय करायचंय?

गेमचं म्हणशील तर बघितला. वाटलं होतं, ज्याच्यासाठी माणूस माणसाला मारतो ते काहीतरी जबरदस्त असेल. निदान पौराणिक तरी. दीड दिवस तुझ्या शेजारी बसून मी एक दाढीवाला चिखलातून चालताना बघितला. इतक्यासाठी मेले ह्याचं वाईट वाटलं, खरंच सांगते. एखाद्या चांगल्या कामासाठी मेले असते तर पुढचं काही म्हटलं नसतं.

पण तो ब्रॅम भेटला तेव्हा तुझं तोंड मी बघत होते, पडदा नाही. तू पोरासारखा पुढं सरकलास. त्यानं काहीतरी म्हटलं, तू मला मराठीत सांगितलंस: 'चल, मी मागे आहे.' मग दुसरं, 'रस्ता धोक्याचा आहे.' मग तिसरं, 'थांबायचं का?' आणि परत पहिलं. परत दुसरं. तू चार ठिकाणी त्याच्यापुढं जाऊन उभा राहिलास, तो तेच बोलला. पुलाचं त्याला काही आठवत नव्हतं. तू 'काय यार' म्हणालास आणि चहा करायला उठलास.

समर्थ, तू महिन्यातून एकदा मला फोन करतोस. 'जेवलीस का. बरी आहेस का. ठेवू का.' मला निम्मंच ऐकू येतं असं सगळे म्हणतात, पण ही तीन मला पाठ झालीत. मी तुझ्याशी गिरणीचं बोलते, सोनबाचं बोलते, डोळ्यात फूल पडायलंय त्याचं बोलले, तर पलीकडून, 'बरी आहेस का.'

तुझा दरोडेखोर तरी कोणीतरी लिहून ठेवलेलं बोलतो. तुला कोण लिहून देतं?

एवढं सोडलं तर तुझी खोली बरी आहे. ओट्याखाली झुरळं झालीत, औषध मार.

सुभद्राआत्या

ता. क. तसबीर मी घेऊन आले. गिरणीत लावलीय, हार काढून. सोनबा अजून आत यायला तयार नाही.

*

भोसरी, २३ नोव्हेंबर

ती. आत्या,

तुझं पत्र वाचून उत्तर लिहायला बसलो आणि तीनदा खोडलं. प्रत्येक वेळी पहिलं वाक्य 'कशी आहेस' असंच येत होतं. डोळ्यांचं तू कधी सांगितलंस तेही मला आठवत नाही. हे लिहायला फार जड गेलं.

काल सांगितलं. कँटीनमध्ये सगळी शिफ्ट जेवायला बसली होती. मी ताट घेऊन उभा राहिलो, मग ताट ठेवलं. म्हटलं, 'माझी आत्या जिवंत आहे. ती वारली नव्हती. मला घरी बसून गेम खेळायचा होता म्हणून मी खोटं बोललो. तुम्ही उभं राहिलात, तसबीर केलीत, त्याबद्दल माफी मागतो.'

मग रोहिदास भाकरी मोडायचा थांबला आणि म्हणाला, 'भावा, मी तुझ्या आत्यासाठी रडलो. माझ्या स्वतःच्या आत्यासाठी रडलो नव्हतो.' आणि ताट उचलून दुसऱ्या टेबलावर गेला. आणखी दोघं गेले. मला वाटलं शिव्या देतील, हसतील. हसले असते तर परवडलं असतं.

शेवटी पॅकिंगचा एक पोऱ्या म्हणाला, 'गेम कुठला?' मी म्हटलं, थॉर्नमूर. तर म्हणाला, 'चौथा? तो तर बकवास आहे, सर.' तेव्हा हसले. सगळे. मीही हसलो आणि हसता हसता मला रडू आलं, टकलावर सगळ्यांचे डोळे. रोहिदास हसला नाही. चहाच्या वेळी मात्र माझा कप माझ्यापुढे आणून ठेवला आणि न बोलता गेला. सध्या तेवढंच.

गेम मी आज काढून टाकला. परत एकदा ब्रॅमपुढे जाऊन उभा राहिलो होतो, म्हटलं शेवटचं. 'चल, मी मागे आहे.' तिसऱ्या भागातला तो आणि हा ह्यांचा काही संबंध नाही. किंवा त्या वेळी मीच इतका एकटा होतो की कोणी दोन शब्द बोललं तरी पुरत होतं. आता काय ते कळत नाही. बंद करून झुरळांचं औषध मारलं.

आणि एक. पुढच्या महिन्यात मला चार दिवस रजा पाहिजे म्हणून काल अर्ज दिला. कारणाच्या जागी खरं लिहिलं: 'रेणापूर येथे आत्यास भेटणे, तिचे डोळे लातूरला दाखवणे.' दौलतराव साहेबांनी अर्ज वाचला, परत वाचला, आणि खाली लाल पेनने लिहिलं, 'सदर आत्या मयत असल्याची आमच्याकडे नोंद आहे. हयात असल्याचा पुरावा जोडावा.' चेहऱ्यावरची माशी हलली नाही. चटणी मात्र समोर टेबलावर होती, अर्धा डबा संपलेली.

पुरावा काय देऊ?

तुझा समर्थ

*

रेणापूर, २६ नोव्हेंबर

चि. समर्थ,

अनेक आशीर्वाद.

खालचा कागद विजयश्रीनं वेगळा छापलाय, तो साहेबांना दे.

'मा. दौलतराव साहेब यांस नमस्कार. मी, खाली सही करणारी सुभद्रा, हयात आहे, गिरणी चालवते, आणि पैज हरल्यावर चटणी वेळेत पाठवते, यापेक्षा जास्त पुरावा कोणत्या मेलेल्या बाईनं दिलाय ते कळवावं. भाच्यास चार दिवस सोडावे. तो खोटं बोलला तर मला लिहा, मी येते.'

रोहिदासच्या आईला मी भेटून आले. रोहिदास तुझ्यावर रुसलाय तो रुसू दे. खऱ्या माणसाचा राग आहे, तो जायला दिवस लागतात. लगेच गेला असता तर त्याचं रडणंही खोटंच होतं म्हणायचं. कप आणून ठेवतोय ना, तू रिकामा करून धुऊन ठेवत जा.

डोळ्यांचं मी तुला दोनदा सांगितलं होतं. आता तिसऱ्यांदा सांगायची वेळ आली नाही, एवढं बरं झालं.

येताना काही आणू नकोस. केस थोडे येऊ दे, नाहीतर पुन्हा कोणीतरी पिठलं घेऊन येईल. मी वांग्याची भाजी करणार नाही, मला ती कधीच आवडत नव्हती. दौलतरावांना तू आवडते म्हणून सांगितलंस. मला काय आवडतं ते इथं येऊन विचार.

तू येशील त्या दिवशी गिरणी बंद ठेवीन म्हणते. तुझ्याकडं येताना कुलूप घातलं होतं, पण ते चोरून. गाडी पकडायला अंधारातच निघाले होते, कोणाला सांगितलं नव्हतं. ह्या वेळी उजेडात, सगळ्यांदेखत बंद ठेवीन. माझे मालक गेले तेव्हा तशी बंद होती. लोक डोक्यावर ज्वारी घेऊन येतील, कुलूप बघतील आणि घाबरून विचारतील, 'काकू, कोण गेलं?'

सांगेन, कोणी गेलं नाही. भाचा आलाय.

सुभद्राआत्या